तक्रार अंशतः मंजूर झाली, मग खर्च कुणाच्या डोक्यावर?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचं माहेर नागपूरचं, नोकरी पुण्यात. त्यांच्या आईची पित्ताशयाची शस्त्रक्रिया नागपुरातल्या एका खासगी रुग्णालयात दुर्बिणीतून झाली. त्यात पित्तनलिकेला इजा झाली, ती चार दिवस कुणी ओळखली नाही आणि शेवटी दुसऱ्या रुग्णालयात नेऊन पुन्हा पोट उघडावं लागलं. आईच्या वतीने जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार झाली ती चौघांविरुद्ध: रुग्णालय, सर्जन, भूलतज्ज्ञ आणि फिजिशियन. मागणी 36 लाखांची. आयोगाने तक्रार अंशतः मंजूर केली. रुग्णालय आणि सर्जन यांनी 6 लाख नुकसानभरपाई आणि तक्रारीच्या खर्चापोटी 15,000 रुपये द्यायचे; भूलतज्ज्ञ आणि फिजिशियन यांच्याविरुद्धची तक्रार खारीज. ताईंचा स्वतःचा हिशेब 1 लाख 80 हजारांचा आहे. त्या विचारतात, एवढ्या खर्चाचे पंधरा हजारच का? सुटलेले दोन डॉक्टर आता त्यांच्या वकिलाची फी आमच्याकडून वसूल करतील का? आणि नात्यातले एक काका म्हणतात की मागणीचा सहावा हिस्साच मिळाला, म्हणजे खर्चाचे पाच हिस्से तुमच्याच अंगावर. हे खरं आहे का?

काकांच्या गणितापासून सुरुवात करतो, कारण हेच गणित विरुद्ध पक्षाचे वकीलही युक्तिवादात मांडतात आणि बरेच तक्रारकर्ते त्याने घाबरून जातात.

हे गणित दिवाणी न्यायालयातून आलं आहे. तिथे दावा अंशतः मंजूर होतो तेव्हा हुकूमनाम्यात ‘प्रमाणशीर खर्चासह’ असे शब्द येतात. चाळीस लाख मागितले, दहा मिळाले, तर वादीला त्याच्या खर्चाचा चौथा हिस्सा मिळतो. आणि न्यायाधीशांनी तसं स्पष्ट लिहिलं असेल तर उरलेल्या प्रमाणात प्रतिवादीही आपला खर्च मागतो. दिवाणी दाव्यात याला काही अर्थ आहे. तिथे कोर्ट फी मागणीच्या रकमेवर लागते, त्यामुळे फुगवलेल्या मागणीने खर्चही फुगतो.

ग्राहक आयोगात ही स्थिती नाही. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. तेव्हापासून आयोगाची फी तुम्ही किती भरपाई मागता यावर ठरत नाही, तर सेवेसाठी किती मोबदला दिला यावर ठरते. रुग्णालयाचं बिल 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, 10 लाखांपर्यंत 200 रुपये, 20 लाखांपर्यंत 400. म्हणजे 36 लाख मागितले काय आणि 6 लाख मागितले काय, समोरच्याचा एक रुपयाही खर्च वाढला नाही. त्यांच्या वकिलांनी तेच केस पेपर वाचले, तोच लेखी जबाब दिला, त्याच तज्ज्ञ अहवालावर युक्तिवाद केला. मागितलेल्या आणि मिळालेल्या रकमेतला फरक हे खर्च कापण्याचं कारण होऊ शकत नाही.

याचं सर्वांत ठळक उदाहरण सर्वोच्च न्यायालयातच आहे. डॉ. कुणाल साहा यांनी पत्नीच्या मृत्यूबद्दल कोलकात्याच्या रुग्णालयाविरुद्ध आणि डॉक्टरांविरुद्ध 77 कोटींहून अधिक रकमेची तक्रार केली होती. 24 ऑक्टोबर 2013 च्या निकालात त्यांना 6,08,00,550 रुपये आणि त्यावर 6 टक्के व्याज मिळालं. काकांच्या हिशेबाने बघितलं तर ते नव्वद टक्क्यांहून अधिक हरले. तरीही त्या रकमेत 11,50,000 रुपये फक्त दाव्याच्या खर्चाचे होते. त्याआधी, ऑगस्ट 2009 मध्ये, भरपाईची रक्कम ठरवण्यासाठी प्रकरण राष्ट्रीय आयोगाकडे परत पाठवताना न्यायालयाने रुग्णालयावर 5 लाख आणि एका ज्येष्ठ डॉक्टरांवर 1 लाख अशी कॉस्ट (समोरच्याला द्यायची खर्चाची रक्कम) बसवली होती, आणि तीही त्यांची भूमिका आणि वर्तन बघून, असं स्पष्ट म्हणून. परदेशी तज्ज्ञांची साक्ष व्हिडिओवरून घ्यावी लागली तर तो खर्चही समोरच्यांनीच सोसायचा, असंही त्याच आदेशात होतं. मला या प्रकरणातून घ्यावीशी वाटते ती हीच गोष्ट: खर्च कुणी करायला लावला, कुणाच्या वागण्याने वाढला, यावरून दोघांवर वेगवेगळा आकडा बसला. मागणीच्या भागाकाराने नाही.

आता कायदा काय म्हणतो ते. 2019 च्या कायद्यात कलम 39(1)(म) आहे, त्यात आयोगाला पक्षकारांना पुरेसा खर्च देवविण्याचा अधिकार दिला आहे. जुन्या 1986 च्या कायद्यात हेच कलम 14 मध्ये होतं. तिथे ‘पक्षकारांना’ असा शब्द आहे, फक्त तक्रारकर्त्याला असा नाही. खर्च दोन्ही बाजूंना मिळू शकतो. पण तो कसा वाटायचा, अंशतः यश आलं तर काय करायचं, याबद्दल कायद्यात पुढे एक ओळही नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 35 आयोगाला थेट लागू नाही. कलम 38(9) ने आयोगाला संहितेतले मोजकेच अधिकार दिले आहेत, साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं, शपथपत्रावर पुरावा घेणं वगैरे. तरी कलम 35 मागचं तत्त्व आयोगासमोर सर्रास मांडलं जातं आणि मांडावंच: सामान्यतः हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा, आणि तसं करायचं नसेल तर कारण लेखी नोंदवायचं.

खर्चात काय-काय धरायचं याबद्दल सेलम अॅडव्होकेट बार असोसिएशनच्या 2005 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जे म्हटलं ते प्रत्येक तक्रारकर्त्याला माहीत असायला हवं. खर्च हा प्रत्यक्ष झालेला आणि वाजवी असावा. त्यात कोर्ट फी, वकिलाची फी, टंकलेखन एवढंच नाही, तर यशस्वी पक्षकाराचा गेलेला वेळ, प्रवास, मुक्काम हेही धरावं. पुढे संजीव कुमार जैन प्रकरणात त्याच न्यायालयाने आणखी एक बाजू दाखवली. दिल्ली उच्च न्यायालयाने 45 लाखांहून अधिक कॉस्ट बसवली होती, ती नियमांच्या मर्यादेबाहेर गेली म्हणून सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकली, आणि त्याच वेळी प्रत्यक्ष खर्चाला धरून कॉस्ट देता यावी म्हणून नियम सुधारायला हवेत असंही म्हटलं. म्हणजे तत्त्व उदार आहे, हात मात्र बांधलेले आहेत. ग्राहक आयोगात तशी कमाल मर्यादा नाही. ‘पुरेसा’ हा एकच शब्द आहे, आणि तो भरून काढायचं काम पुराव्याचं आहे.

अंशतः यशाची वाटणी कशी करायची याबद्दल आपल्याकडे सर्वांत नेमके शब्द सापडतात ते व्यापारी न्यायालयांच्या 2015 च्या कायद्यात. त्या कायद्याने व्यापारी वादांपुरतं कलम 35 बदललं. न्यायालयाने खर्चाचा आदेश करताना पक्षकारांचं वर्तन बघावं. पूर्ण नाही तरी बाजूच्या काही भागावर यश आलं का ते बघावं. तडजोडीचा वाजवी प्रस्ताव विनाकारण नाकारला का तेही बघावं, असं त्यात लिहिलं आहे. खर्चाचा ठराविक हिस्सा द्या, अमुक तारखेपासूनचा द्या, कामकाजाच्या अमुक टप्प्याचा किंवा अमुक भागाचाच द्या, असे आदेश करता येतात. हे शब्द बहुतांशी इंग्लंडच्या दिवाणी नियमांतून उचलले आहेत. तिथे वैद्यकीय निष्काळजीच्या दाव्यांत खर्चाचा वाद कधी कधी मूळ दाव्याइतकाच गाजतो, म्हणून 1 एप्रिल 2013 पासून तिथे इजा झालेल्या दावेदाराला, दावा हरला तरी, सामान्यतः समोरच्याचा खर्च खिशातून भरावा लागू नये अशी तरतूद केली गेली. आपलं व्यापारी कलम वैद्यकीय तक्रारीला लागू नाही, हे युक्तिवादात आधीच सांगून टाकावं. पण वाटणीची दिशा दाखवायला ते चांगलं आहे: रक्कम बाजूला ठेवा, मुद्दे बघा.

ताई, तुमच्या आदेशावर हे लावून बघू या. तुमचे आरोप चार होते. पहिला, पित्तनलिका कापली जाणं हाच निष्काळजीपणा. आयोगाने तो मानला नाही, कारण या शस्त्रक्रियेतला तो माहीत असलेला धोका आहे आणि नुसत्या दुष्परिणामावरून निष्काळजी ठरत नाही. दुसरा, इजा चार दिवस ओळखली नाही. हा मानला, आणि तोही परिचारिकांच्या नोंदींवरून. ड्रेनच्या नळीत हिरवट-पिवळा स्राव येत होता, दुसऱ्या दिवसापासून ताप चढत होता, तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे दिसत असल्याची नोंद होती, आणि त्याच दिवशी डॉक्टरांच्या पानावर ‘प्रकृती स्थिर’ असं लिहिलं होतं. तिसरा आरोप भूल देण्यातल्या चुकीचा आणि चौथा फिजिशियनने वेळेत न बघितल्याचा, दोन्ही नाकारले.

आता खर्च कुठे गेला ते बघा. मेडिकलच्या (नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) तज्ज्ञ समितीकडे कागद पाठवण्यासाठी जे अर्ज झाले, जे केस पेपर लावले, तुम्ही खासगी सर्जनकडून जे मत घेतलं, त्याचा गाभा दुसऱ्या आरोपाचा होता. पहिल्या आरोपासाठीही तेच कागद लागले. भूलतज्ज्ञ आणि फिजिशियन यांच्यासाठी वेगळं काय लागलं? त्यांच्या दोन लेखी जबाबांना उत्तरं, प्रश्नावली, लेखी युक्तिवादात दोन-चार पानं आणि काही तारखा. नागपूरहून गडचिरोलीला भाड्याची गाडी केली आणि त्यात दोन माणसं जास्त बसली म्हणून डिझेल दुप्पट लागत नाही. चौघांपैकी दोघे सुटले म्हणजे निम्मा खर्च कापा, हा युक्तिवाद म्हणूनच चुकीचा आहे. जो खर्च फक्त रुग्णालय आणि सर्जन यांच्यावर तक्रार केली असती तरी झालाच असता, तो त्या दोघांनी पूर्ण द्यावा. जो निव्वळ सुटलेल्या दोघांमुळे झाला, तेवढाच तुमचा. पहिल्या आरोपाबद्दल माझं मत असं की तो नाकारला गेला तरी त्यासाठी काही कापू नये. इजा झाली कशी हे शोधल्याशिवाय ती ओळखली का नाही हा प्रश्नच उभा राहत नाही. दोन आरोप एकाच कागदांत, एकाच साक्षीत गुंफलेले असतील तर त्यांची ओढूनताणून फारकत करू नये.

सुटलेल्या डॉक्टरांचा प्रश्न मात्र खरा आहे. तुमच्या आदेशात त्यांच्याविरुद्धची तक्रार खारीज करताना ‘खर्चाबाबत आदेश नाही’ असं लिहिलं आहे. तेवढ्यावर तो विषय संपतो. नुसती नोटीस पाठवून त्यांना वकिलाची फी मागता येणार नाही. हवी असेल तर अपिलातच मागावी लागेल. पण दुसऱ्या प्रकरणांत आयोग सुटलेल्या डॉक्टरला खर्च देवू शकतो, हे विसरू नका. 1986 च्या कायद्यात कलम 26 होतं. तक्रार पोकळ किंवा त्रास देण्यासाठी केलेली असेल तर 10,000 रुपयांपर्यंत खर्च तक्रारकर्त्यावर बसे. नव्या कायद्यात सर्वसाधारण खर्चाचं कलमच त्यासाठी वापरलं जातं. सिद्ध न झालेला आरोप आणि खोटा आरोप यांत मोठं अंतर आहे, आणि ते अंतर युक्तिवादात ठणकावून सांगावं लागतं. ज्या रुग्णाला ऑपरेशन थिएटरच्या आत काय झालं ते ठाऊकच नसतं, त्याने थिएटरमध्ये असलेल्या डॉक्टरला पक्षकार केलं म्हणून त्याला दंड करणं न्याय्य नाही.

इथे रुग्णालयाची जबाबदारी येते, आणि हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेप्रमाणे रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत व्यक्तीने मागितल्यावर 72 तासांत वैद्यकीय नोंदी द्यायच्या असतात. तुम्ही लिहिता की तुम्हाला पूर्ण केस पेपर आयोगाच्या आदेशानंतरच मिळाले. भुलीची नोंद आधीच हातात असती तर भूलतज्ज्ञांना कदाचित पक्षकारच केलं नसतं. मग त्यांना ओढून आणल्याचा खर्च नक्की कुणामुळे झाला? इंग्लंडमध्ये 1903 च्या सँडरसन आणि 1907 च्या बुलक या प्रकरणांपासून एक मार्ग रूढ आहे. नेमका दोषी कोण हे दावेदाराला कळायला वाव नव्हता आणि दोघांना पक्षकार करणं वाजवी होतं, तर सुटलेल्याचा खर्चही हरलेल्यावर टाकता येतो. आपल्या आयोगांत असा आदेश क्वचितच मागितला जातो. मागायला काहीच हरकत नाही. ‘पक्षकारांना पुरेसा खर्च’ या शब्दांत तो बसतो. त्यासाठी नोंदी मागितल्याचा लेखी अर्ज, पोच आणि तारीख फाइलवर हवी.

जे अजून तक्रार करायच्या तयारीत आहेत त्यांना एवढं सांगतो: नागपूरच्या रामदासपेठ-धंतोलीतल्या रुग्णालयाच्या पाटीवर जेवढी नावं आहेत तेवढ्या सगळ्यांना पक्षकार करायची गरज नाही. सविता गर्ग प्रकरणात 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की उपचार करणाऱ्या डॉक्टरला पक्षकार केलं नाही म्हणून रुग्णालयाविरुद्धची तक्रार फेटाळता येत नाही. काळजी घेतली होती हे दाखवायची जबाबदारी रुग्णालयावर येते. रुग्णालय आणि ज्याच्याविरुद्ध कागदावर काही दिसतं तो डॉक्टर, बहुतेक वेळा एवढं पुरतं. प्रत्येक जास्तीचं नाव म्हणजे एक जास्तीचा वकील, एक जास्तीचा लेखी जबाब, जास्तीच्या तारखा, आणि शेवटी खर्चाच्या आदेशात एक जास्तीची वजाबाकी.

आता पंधरा हजारांकडे. इथे मी तुम्हाला दिलासा देण्यापेक्षा खरं सांगतो. आयोगाच्या आदेशात शेवटची ओळ ठरलेली असते, ‘शारीरिक व मानसिक त्रासापोटी अमुक आणि तक्रारीच्या खर्चापोटी तमुक’, आणि तो आकडा बहुधा काही हजारांतच असतो. सदस्यांचं मन कोतं आहे असं नाही. फाइलवर खर्चाचा कागदच नसतो. वकिलाच्या फीची पावती नाही, तज्ज्ञाला दिलेल्या रकमेचा पुरावा नाही, प्रार्थनेच्या, म्हणजे तक्रारीतल्या मागण्यांच्या, कलमात ‘खर्च देण्यात यावा’ एवढे तीन शब्द. मग आयोग अंदाजाने आकडा लिहितो, आणि अंदाज नेहमी खालच्या बाजूला झुकतो.

तुमचा हिशेब असा होता: वकिलाची फी 90,000; खासगी सर्जनचं मत 25,000; झेरॉक्स, टंकलेखन, टपाल, शपथपत्रं 14,000; पुण्याहून तारखांना येणं-जाणं 21,000; बुडालेला पगार 30,000. यातला पगार वेगळा करा. आईजवळ रुग्णालयात राहण्यासाठी घेतलेल्या बिनपगारी रजा या नुकसानभरपाईचा भाग आहेत, खर्चाचा नाही. तारखांना हजर राहण्यासाठी घेतलेल्या रजा मात्र, सेलमच्या निकालाप्रमाणे, खर्चात मागता येतात. प्रवासाबद्दल समोरचा म्हणेल की व्हिडिओवरून सुनावणीची सोय होती, मग प्रत्येक तारखेला येण्याची गरज काय? कलम 38(6) मध्ये तशी तरतूद आहे, तेव्हा नुसती हजेरी लावण्याच्या तारखा सोडून द्याव्यात आणि जिथे तुमची खरंच गरज होती त्याच धराव्यात. फीमधला भूलतज्ज्ञ आणि फिजिशियन यांच्यापुरता भाग आपणहून कापावा. मी असतो तर रजा बाजूला ठेवून उरलेल्या दीड लाखांपैकी साधारण 1 लाख 10 हजारांची मागणी केली असती आणि प्रत्येक आकड्यासमोर पावतीचा क्रमांक लिहिला असता. स्वतःहून केलेली वजाबाकी आयोगाला पटते. पूर्ण 1,80,000 मागणाऱ्या तक्त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

हे विवरण द्यायचं कधी? लेखी युक्तिवादासोबत, पुरसीस (पक्षकाराचं छोटं लेखी निवेदन) लावून, पावत्यांच्या झेरॉक्ससह, समोरच्या सगळ्यांना प्रत देऊन. आदेशासाठी प्रकरण बंद झाल्यावर नाही. फीची पावती वकिलाकडे मागायला संकोच करू नका. जो वकील पावती देत नाही त्याच्यामुळे तुमचा खर्च बुडतो. आणि कुणी ‘फी नको, मिळेल त्यातले तीस टक्के द्या’ असं म्हणत असेल तर तिथून उठा. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणं वकिलाला मना आहे, आणि तसला करार खर्च म्हणून कुठल्याही आयोगापुढे दाखवता येत नाही.

तारखांचा खर्च वेगळा मागायचा असतो आणि तो त्याच दिवशी. कलम 38(7) प्रमाणे पुरेसं कारण दाखवल्याशिवाय तहकुबी द्यायची नाही, दिली तर कारण नोंदवायचं, आणि तहकुबीमुळे झालेल्या खर्चाबद्दल आदेश करता येतो. विमा कंपनीचे वकील आले नाहीत, सर्जनचं शपथपत्र तयार नाही, म्हणून तारीख पडली की तिथेच कॉस्टचा तोंडी आणि लेखी आग्रह धरा. पाचशे-हजार मिळाले तरी रोजनाम्यात (प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या नोंदीत) ते वर्तन नोंदवलं जातं, आणि अंतिम आदेशाच्या वेळी हीच नोंद उपयोगी पडते.

तडजोडीचं एक अंग राहतं. वैद्यकीय निष्काळजीने गंभीर इजा किंवा मृत्यू झाला असेल तर 2020 च्या ग्राहक मध्यस्थी नियमांप्रमाणे ते प्रकरण मध्यस्थीकडे पाठवता येत नाही. तरी पक्षकारांनी आपसांत बोलायला आडकाठी नाही. रुग्णालयाने मधल्या काळात काही रक्कम देऊ केली होती आणि तुम्ही ती नाकारली असेल, तर ती अखेरच्या 6 लाखांपेक्षा कमी होती की जास्त हे महत्त्वाचं आहे. 2 लाख देऊ केले होते तर तुमचं नाकारणं योग्य ठरलं. 7 लाख देऊ केले होते आणि ते पत्र फाइलवर असेल, तर त्या पत्रानंतरचा खर्च तुम्हाला मिळू नये असं समोरचे म्हणतील, आणि त्यात तथ्य असेल.

वसुलीबद्दल थोडक्यात. आदेशात ‘विरुद्ध पक्ष क्र. 1 व 2 यांनी संयुक्तपणे किंवा वेगवेगळेपणे’ असे शब्द असतील तर भरपाई आणि खर्च मिळून 6,15,000 आणि त्यावर असेल ते व्याज तुम्ही कुणा एकाकडूनही पूर्ण वसूल करू शकता. त्यांनी आपसांत काय वाटायचं ते त्यांचं. सर्जनची व्यावसायिक विमा पॉलिसी असेल तर तक्रारकर्त्याला द्यायचा खर्चही सहसा विमा रकमेच्या मर्यादेत कंपनी भरते, पण कंपनीशी भांडण झालं म्हणून सर्जनला पैसे थांबवता येत नाहीत. आणि उद्या अपिलात सुटलेल्या डॉक्टरला काही खर्च देवविला गेला, तर रुग्णालयाला तो तुमच्या रकमेतून वळता करून घेता येणार नाही. ते दोन वेगळे पक्षकार आहेत, दोन वेगळी देणी आहेत.

आता काय करायचं? खर्च कुणी द्यायचा हेच आदेशात स्पष्ट नसेल, किंवा युक्तिवादात मान्य झालेली रक्कम टंकलेखनात गळली असेल, तर ती उघड चूक दुरुस्त करण्यासाठी कलम 40 खाली 30 दिवसांत त्याच आयोगाकडे पुनर्विलोकनाचा (आदेश पुन्हा तपासण्याचा) अर्ज करता येतो. पंधरा हजार कमी वाटतात हे कारण त्यात चालत नाही. त्यासाठी कलम 41 खाली राज्य आयोगाच्या नागपूर परिक्रमा खंडपीठाकडे 45 दिवसांत अपील. पुनर्विलोकनाचा अर्ज प्रलंबित आहे म्हणून अपिलाची मुदत थांबते असं समजू नका. दोन्ही घड्याळं एकदम चालतात, आणि मुदत आदेशाच्या तारखेपासूनच धरलेली बरी. तुम्ही वाढीसाठी अपील करत असाल तर तुम्हाला काही जमा करावं लागत नाही. रुग्णालयाला आणि सर्जनला मात्र द्यायच्या रकमेच्या निम्मी रक्कम भरल्याशिवाय अपील दाखल करून घेतलं जात नाही. कलमाची भाषा ‘ज्याला रक्कम द्यायची आहे अशी व्यक्ती’ अशी आहे. तेव्हा एखाद्या तक्रारकर्त्यावर सुटलेल्या डॉक्टरचा खर्च बसला असेल तर अक्षरशः वाचता त्यालाही त्या खर्चाची निम्मी रक्कम भरावी लागेल.

फक्त खर्च वाढवण्यासाठी अपील करू नका, असा माझा सल्ला आहे. विवरण फाइलवर नव्हतं, त्यामुळे राज्य आयोगापुढे दाखवायला तुमच्याकडे फारसं काही नाही, आणि नवीन वकिलाची फी मिळणाऱ्या वाढीपेक्षा जास्त होईल. मात्र भरपाईचे 6 लाख तुम्हाला कमी वाटत असतील, आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेचं बिल बघता ते कमी आहेत असं माझंही मत आहे, तर अपील करा आणि त्यात खर्चाचा मुद्दा विवरणासह घाला. रुग्णालयाने अपील केलं तर वाट बघत बसू नका. त्यांच्या अपिलात तुम्हाला आपोआप वाढ मिळत नाही, त्यासाठी तुमचं स्वतंत्र अपील मुदतीत हवं. त्यांचं अपील फेटाळलं गेलं तर अपिलाचा खर्च वेगळा मागा. आदेशाची प्रमाणित प्रत, केस पेपर मागितल्याच्या अर्जाची पोच आणि फीच्या पावत्या घेऊन या आठवड्यातच तुमच्या वकिलांना भेटा, कारण तुम्ही सांगितलेल्या तारखेवरून 45 पैकी बरेच दिवस उलटून गेले आहेत.